सातव्या क्रमांकाची बातमी

फोन मी लावला असं म्हणणं खरं नाही, हातानं लावला. सकाळचे सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. समोर कॉम्प्युटरवर रोजच्यासारख्या बातम्या उघडल्या होत्या आणि वरून तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: समुद्रकाठच्या चाचणीस्थळावर रॉकेट मोटरची चाचणी फसली, एक तंत्रज्ञ किरकोळ जखमी. शेजारी वेळ होती, आज, पाच बावन्न. ती ओळ वाचून पुरी झाली होती की नव्हती ते मला सांगता येणार नाही, पण मोबाइल कानाला लागलेला होता आणि पलीकडे घंटी वाजत होती. अभिराजकडे. माझ्या मुलाकडे. त्याला शेवटचा फोन मी कधी केला ते आठवायला बसलो तर सकाळ जाईल. आमच्याकडे त्याच्याशी फोनवर बोलायचं खातं अनुसूयाकडे आहे, दर रविवारी, अकरा वाजता. चुकून मी उचलला तर तो म्हणतो, ‘अप्पा, बरे आहात? अम्माला द्या.’ मी बायकोच्या हातात फोन देतो. त्यात दोघांचीही सोय आहे. आणि आता बुधवारी, अंघोळ नाही, कॉफी नाही, मी त्याला फोन लावून बसलो होतो आणि तो उचलत नव्हता. घंटी वाजून वाजून थांबली. मग एक बाई कन्नडमध्ये, हिंदीत आणि इंग्रजीत सांगायला लागली की तो उत्तर देत नाही. तिन्ही भाषांत मी ते नीट ऐकून घेतलं, जणू एखादीत वेगळं काही निघेल.

मी आयुष्यभर बातम्या कापल्या. इथल्याच, बेंगळूरच्या एका सरकारी संशोधन कचेरीच्या ग्रंथालयात, कात्रण विभागात, एकतीस वर्षं. पहाटे पाचला गठ्ठे यायचे. संरक्षण, विमानं, पाणबुड्या, शेजारच्या देशांच्या चाचण्या, कुणाचं जहाज कुठल्या बंदरात लागलं, असलं सगळं शोधून कापायचं, चिकटवायचं आणि आठाच्या आत फाइल संचालकांच्या टेबलावर ठेवायची. संचालक सात बदलले, फाइल एक दिवस चुकली नाही. मला हे शेषगिरी सरांनी शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. पहिल्या बातमीवर हिरव्या पेन्सिलची खूण करायची आणि गप्प बसायचं. दुसऱ्या कुणीतरी, पहिल्याचं न बघता, तीच गोष्ट सांगितली की मग लाल खूण. हिरव्या खुणेवर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, फोन तर अजिबात करायचा नाही. ‘अवसर बेड, विश्वासराव,’ ते म्हणायचे. घाई नको. पहिली बातमी निम्म्या वेळा खोटी असते आणि उरलेल्या निम्म्या वेळा अर्धी. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढं पुढं ते माझ्या स्वभावातच गेलं. शेजारी कुणी वारलं असं कुणी येऊन सांगितलं तरी मी आधी विचारायचो, हे कोण म्हणालं? अनुसूया कपाळाला हात लावायची.

रिटायर झालो आणि पहिल्या आठवड्यातच माझं काय होणार ते घरात सगळ्यांना दिसलं. मी पाचला उठून कात्री हातात घेऊन बसायचो आणि मल्लेश्वरमच्या आमच्या घरात पेपर यायचा साडेसहाला, तोही एक. तेव्हा अभिराजनं हे लावून दिलं. फीड. त्याचं पूर्ण नाव आरएसएस, पण ते म्हटलं की लोक भलत्याच विषयावर येतात, म्हणून मी फीडच म्हणतो. गोष्ट साधी आहे. प्रत्येक संकेतस्थळाची एक यादी असते, तिथं काही नवं छापलं की ते यादीत वर येऊन बसतं. आपल्याला हव्या त्या याद्या हा प्रोग्रॅम गोळा करून आणतो आणि एकाखाली एक मांडतो. मध्ये बसून तुम्हाला काय आवडेल ते ठरवणारा शहाणा कुणी नाही, जाहिरात नाही, नाचणाऱ्या बायका नाहीत. जे आलं ते आलं, ज्या वेळी आलं त्या वेळी. अभिराज माझ्या खुर्चीच्या मागं उभा राहून, माझ्या खांद्यावरून हात पुढं घालून एकेक पत्ता टाकत होता आणि मी सांगत होतो. ‘अप्पा, हा उत्तरेकडचा कोण म्हातारा फक्त पाणबुड्यांवर लिहितो?’ ‘घाल घाल, चांगला माणूस आहे.’ असे चौसष्ट झाले. त्यात विमानांना कुठली हवाई हद्द कधी बंद आहे ते कळवणाऱ्या सूचना होत्या. त्या वाचता आल्या की चाचणी कधी होणार ते सरकारनं सांगायच्या आधी आपल्याला कळतं. एका जुन्या विमान अभियंत्याचं घरबसल्या चालवलेलं पान होतं, फक्त आपल्याकडच्या चाचण्यांचं. त्या चौसष्टांतून मी रोज दहा बातम्या निवडायला लागलो, क्रमांक घालायला लागलो आणि सातच्या ठोक्याला चोवीस लोकांना, बहुतेक जुन्या कचेरीतल्या, पाठवायला लागलो. नाव ठेवलं नाही. ते सगळे अजून ‘फाइल’च म्हणतात. चोविसावा अभिराज होता. आता तेवीस आहेत.

फोन टेबलावर ठेवला आणि मला माझ्या हाताचा राग आला. मग मी पुन्हा पडद्याकडं पाहिलं, या वेळी डोळ्यांनी. न वाचलेल्या बातम्यांचा आकडा रोज सकाळी तीस-पस्तीस असतो. आज चारशे बारा होता. त्यातल्या पावणेचारशे एकाच पानावरच्या, त्या जुन्या अभियंत्याच्या. आणि सगळ्यांत वरची, पहिली ओळ, जी ओलांडून माझे डोळे खाली पळाले होते, ती त्याची माफी होती: पान नव्या यंत्रावर हलवलंय, जुने लेख नवे म्हणून दिसतील, वाचकांनी क्षमा करावी. घर हलवताना माळ्यावरचं सगळं खाली यावं तसं त्याचं दहा वर्षांचं सामान माझ्या अंगणात येऊन पडलं होतं, प्रत्येकावर आजची तारीख. तिसऱ्या ओळीतली बातमी नऊ वर्षांपूर्वीची होती. ती मला शब्दन् शब्द पाठ आहे. ‘किरकोळ जखमी’च्या आधी त्यानं एक स्वल्पविराम जास्त दिलाय, तोसुद्धा पाठ आहे. एकतीस वर्षं कात्रण विभागात काढलेला माणूस, तारीख न बघता फोनवर झडप घालतो. शेषगिरी सर असते तर म्हणाले असते, विश्वासराव, रजेवर जा.

‘कोणाला लावत होतात हो?’ अनुसूया स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला भिंतीपलीकडून नंबर दाबल्याचं ऐकू येतं. ‘कोणाला नाही,’ मी म्हणालो. आणि मग लक्षात आलं की कोणाला नाही असं आता म्हणता येत नाही. अभिराजच्या फोनवर ते उमटलेलं असणार. अप्पा, एक चुकलेला कॉल, सहा बारा. तो ते बघणार आणि परत फोन करणार, कारण सत्तरीच्या बापाचा पहाटेचा फोन बघून कुठलाही मुलगा परत करतोच. आणि विचारणार, काय झालं? त्याला मी काय सांगू? चुकून लागला म्हणू? खिशात होता, दाबला गेला. हे चाललं असतं. अशा वयात सगळं चालतं. पण ज्याच्या-माझ्यात नऊ वर्षं ‘बरे आहात’ आणि ‘बरा आहे’ एवढीच वाहतूक आहे, त्याला आपला एकुलता एक फोन चुकून होता असं सांगायचं, म्हणजे राहिलेलंही पुसून टाकायचं. मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेर पारिजातकाखाली शेजारच्या बाई फुलं वेचत होत्या आणि मला ती सकाळ आठवत होती. आठवत होती असं कशाला म्हणायचं, ती कुठं गेलीच नव्हती.

तेव्हाही जानेवारी होता. तेव्हाही सहा वाजून दहा मिनिटं. अभिराज तेव्हा एका खासगी कंपनीत होता, चाचणीच्या वेळी दाब आणि कंप मोजणारी यंत्रं लावून द्यायचं काम. पंधरा दिवसांसाठी तो समुद्रकाठच्या त्या चाचणीस्थळावर गेला होता. हे मला माहीत होतं. निघायच्या आधी त्यानं मला सांगितलं होतं, आणि मी विचारलं होतं की चाचणीच्या चौथऱ्यावर किती माणसं असतात. अकरा, तो म्हणाला होता. म्हणजे मला जागा माहीत होती, दिवस माहीत होता, माणसं किती तेही माहीत होतं. बातमी आली: एक तंत्रज्ञ, किरकोळ. मी ती वाचली आणि माझ्या डोक्यानं अगदी शांतपणे सांगितलं, अकरातला एक. म्हणजे दहा शक्यता तो नसण्याच्या. मग डोक्यानं सांगितलं, एकच स्रोत आहे. मग सांगितलं, ‘किरकोळ’ लिहिलंय. मी हिरवी खूण केली. कॉम्प्युटरवर पेन्सिल नसते, पण अभिराजनं मला रंगांची सोय करून दिली होती. मग पुढच्या बातम्या बघितल्या, दहा निवडल्या आणि तिला सातवा क्रमांक दिला, एका परदेशी बंदराच्या दुरुस्तीखाली आणि एका नौदल सरावाच्या वर. सात वाजता फाइल गेली. कॉफी प्यायलो. आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी दर दहा मिनिटांनी येऊन दुसरा स्रोत आला का ते बघत होतो. आला नाही. असल्या बातमीला दुसरा स्रोत कुठला येणार? एक मोटर, एक माणूस, किरकोळ.

दुपारी मी आठव्या क्रॉसच्या बाजारात जाऊन अवरेकाळू आणले, पावट्याच्या शेंगा. हंगाम होता, सगळ्या रस्त्याला त्या शेंगांचा चिकट, हिरवा वास येत होता. अनुसूयाला हितकबेळ्याचं सार करायचं होतं, म्हणजे दाणे भिजवून एकेक चिमटीत दाबून साल काढायची, तासन् तासाचं काम. मी तिच्याशेजारी बसलो. ती म्हणाली, आज सूर्य कुठं उगवला, तुम्ही सोलायला? मी म्हणालो, रिकामाच आहे. चिमटीत दाणा दाबला की तो सटकन पुढं जातो आणि साल बोटांत राहते. दोन तास आम्ही ते करत होतो. ती तिच्या बहिणीचं काहीतरी सांगत होती. मी हं हं म्हणत होतो आणि मनात अकरातून एक, अकरातून एक चाललं होतं. तिला सांगितलं असतं तर तिनं त्या क्षणी फोन लावला असता. म्हणूनच सांगितलं नाही. हे मी इतक्या वर्षांत हजारदा घोळवलंय आणि दरवेळी एका ठिकाणी येऊन थांबलोय. फोन लावला असता तर कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. नियम मी पाळला नाही, नियमाच्या आड लपलो. ही गोष्ट अशी सरळ वाक्यात मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही, शेषगिरी सरांच्या फोटोलाही नाही.

संध्याकाळी सात वाजता दिव्यश्रीचा फोन आला, सुनेचा. ती दुपारीच विमानानं तिकडं पोचली होती, एकटी. आम्हा म्हाताऱ्यांना उगाच घाबरवायला नको, डॉक्टर नक्की काय म्हणतात ते कळू दे, म्हणून सबंध दिवस तिनं कळवलं नव्हतं, दुपारपासून हॉस्पिटलच्या बाकावर बसून होती. ती म्हणाली, ‘अप्पा, घाबरू नका, ह्यांना थोडं लागलंय. काल चाचणीच्या वेळी—’ आणि मी म्हणालो, ‘हो, सकाळीच वाचलं मी.’ हे वाक्य माझ्या तोंडातून का आलं? एकतीस वर्षं ते तिथंच बसलेलं होतं. संचालक काही म्हणाले की मी म्हणायचो, हो सर, सकाळच्या फाइलमध्ये आहे. त्यात एक बारीकसा अभिमान असायचा, तुमच्या आधी मला माहीत होतं, हा. तोच सुनेपुढं निघाला.  ती म्हणाली, ‘सकाळी?’ मी नुसतं हं म्हणालो. ‘सरी अप्पा, बरं,’ ती म्हणाली, ‘अम्माला द्या.’ ते तेव्हापासून सुरू झालं.

किरकोळ म्हणजे उजवा कान. पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, सकाळी कळलं असतं काय, रात्री कळलं असतं काय, कानात काही फरक पडला नसता. मी त्या वाक्याला बरेच दिवस धरून होतो. पण कानाचा प्रश्नच नव्हता आणि हे सगळ्यांना कळत होतं, डॉक्टर सोडून. अभिराजनं ती नोकरी सोडली, होसकोटेच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात लागला, तिकडंच घर घेतलं. मल्लेश्वरमहून होसकोटे म्हणजे बेंगळूरच्या रहदारीत दुसऱ्या गावी जाण्यासारखंच आहे, ते कारण सगळ्यांना पुरतं. भांडण झालं नाही. आमच्यात भांडायची पद्धत नाही, आम्ही नीट वागतो. दोन वर्षांनी उगादीला, पाडव्याला, सगळे पानावर बसलो होतो, अनुसूया होळिगेवर, पुरणपोळीवर, तूप वाढत होती, आणि अभिराज एकदम म्हणाला, ‘अप्पा, तुमच्या फाइलमध्ये त्या दिवशी मी कितवा होतो?’ त्यानं बघितलेलं होतं, त्याच्याकडं ती येत होतीच. मी खोटं बोलू शकलो असतो का? ‘सातवा,’ मी म्हणालो. तो म्हणाला, ‘माझं नाव यादीतून काढून टाका.’ आणि होळिगे खाल्ली, आणखी एक मागून घेतली. रात्री भांडी आवरताना अनुसूया मला एवढंच म्हणाली, ‘माझ्या शेजारी बसून दाणे सोलत होतात तुम्ही.’ तिनं त्यानंतर माझ्या हातात अवरेकाळू कधी दिले नाहीत. हंगाम दरवर्षी येतो, आठव्या क्रॉसचा वास घरापर्यंत येतो, ती एकटी सोलते.

साडेसहा झाले. फोन वाजला नाही. अनुसूया कॉफी घेऊन आली, पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ती हे वाचत नाही, पण तोंड वाचते. ‘काय झालंय?’

‘अभिला फोन केला मी. उचलला नाही.’

तिनं पेला ठेवला. इतका हळू की आवाज झाला नाही. ‘तुम्ही? का?’

‘एक जुनी बातमी नवी होऊन आली. ती. मला वाटलं आजची आहे.’ मग मी म्हणालो, ‘तो घरीच असेल ना? झोपला असेल.’

ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. ‘घरी नाही,’ ती म्हणाली. ‘आठ दिवसांसाठी कामावर गेलाय. मी रविवारी सांगितलं होतं तुम्हाला, तुम्ही हं म्हणालात. कुठं गेला ते विचारलं नाहीत.’

‘कुठं?’

‘तिथंच. त्याच जागेला. नऊ वर्षांनी पहिल्यांदा. कारखान्याची यंत्रं बसवायला दुसरं कोणी नाही म्हणून. अप्पांना सांगू नको म्हणाला.’

मला बातमी जुनी आहे हे पक्कं माहीत होतं. माफीची ओळ समोर होती, जास्तीचा स्वल्पविराम समोर होता, पावणेचारशे जुन्या बातम्या साक्षीला होत्या. तरी मी चौसष्ट याद्या वरपासून खालपर्यंत चाळल्या, आज तिकडं काही असेल तर. हवाई हद्दीची सूचना होती: किनाऱ्यावरची हद्द सकाळी सात ते अकरा बंद. म्हणजे आज चाचणी आहे. जगातल्या चार-दोन माणसांना तिचा अर्थ लागला असता, त्यांतला एक मी. एरवी मी खूश झालो असतो, तिला दुसरा क्रमांक दिला असता. ‘काय लिहिलंय?’ अनुसूयानं विचारलं. सबंध आयुष्यात तिनं हे कधी विचारलं नव्हतं. आणि मी तिला सांगितलं. आज तिथं चाचणी आहे, असं सांगितलं. हिरवी खूण, एकच स्रोत, तिच्या तोंडावर. ती उठून आत गेली नाही. दोघं फोनकडं बघत बसलो.

सात वाजले आणि गेले. मला कळलंही नाही. सात वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला तेव्हा मी तो पाडलाच असता. नागराज होता, जुन्या कचेरीतला, कायम सगळ्यांत आधी फाइल उघडणारा. ‘विश्वासराव, येनु समाचार? काय खबर? फाइल आली नाही. बरं आहे ना सगळं?’

‘आज नाही फाइल.’

‘म्हणजे बातमीच नाही?’

‘बातम्या आहेत,’ मी म्हणालो. ‘पाठवत नाही. ठेव रे, दुसरा फोन यायचाय.’ तो पुढं काही विचारत होता, मी बंद केला. दहा वर्षांत पहिल्यांदा फाइल चुकली, आणि आकाश काही कोसळलं नाही. समोरच्या घरात कुकरची शिटी झाली. शाळेच्या रिक्षा यायला लागल्या.

अनुसूया म्हणाली, ‘आला फोन तर काय सांगणार?’ मी म्हणालो, चुकून लागला म्हणतो. तिनं नुसतं बघितलं. त्या बघण्यात दाणे सोलणं होतं, उगादी होती, सगळं होतं. मला अभिराजचा एक हात आठवला. गेल्या गणपतीला आला होता तेव्हा त्याला कुणाचा तरी फोन आला आणि त्यानं सवयीनं तो उजव्या कानाला लावला. मग हलो, हलो म्हणाला, मान हलवली आणि डाव्या कानाला नेला. नऊ वर्षं झाली तरी हाताला ते कळत नाही. घाईत असला की होतं असं, दिव्यश्री म्हणाली होती, माझ्याकडं न बघता. मी तेव्हा देवापुढची समई नीट करायला उठलो होतो. तेल पुरेसं होतं, तरी.

सात चाळीसला त्याचा फोन आला. अनुसूयानं हात पुढं केला, सवयीनं, आणि मग स्वतःच मागं घेतला. मी उचलला. पलीकडं वारा होता, कुठंतरी जनरेटर चालत होता, गडबड होती, आणि त्याचा आवाज: ‘अप्पा? तुमचा फोन होता. गेटवर फोन जमा करतात इथं, आत्ता बाहेर आलो. काय झालं?’

मी थांबलोच नाही. थांबलो असतो तर चुकून लागला असंच तोंडातून गेलं असतं. मी म्हणालो, नऊ वर्षांपूर्वी तेरा तारखेला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मी ती बातमी वाचली, तू तिथं आहेस हे मला ठाऊक होतं, चौथऱ्यावर अकरा माणसं असतात हेही ठाऊक होतं, स्रोत एकच होता म्हणून मी वाट बघत राहिलो, संध्याकाळपर्यंत दुसरा स्रोत मिळाला नाही, दरम्यान तुला संपर्क करायला हवा होता तो केला नाही, आणि दिव्यश्रीला जे बोललो ते बोलायला नको होतं. आज तीच बातमी परत आली म्हणून फोन केला. एका दमात म्हणालो. म्हणताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे चौकशी समितीपुढचं निवेदन आहे, वेळ, तारीख, संख्या. पण निदान झालं. अनुसूया डोळे मिटून बसली होती.

पलीकडं वारा. मग अभिराज म्हणाला, ‘हलो? अप्पा? काही ऐकू येत नाही. बोलताय का? थांबा, थांबा, कान बदलतो.’ खरखर झाली. ‘हं. आता सांगा. काय झालं?’

तेवढ्या खरखरीत माझं सगळं निवेदन वाऱ्यावर गेलं होतं. ते पुन्हा म्हणायचं म्हटलं तर तारीख आठवेना, अकरा आठवेनात. एकच गोष्ट राहिली होती. ‘अभि,’ मी म्हणालो, ‘त्या दिवशी मी घाबरलो होतो रे. सकाळपासून. म्हणून तुला फोन केला नाही.’

 कुठला दिवस, असं त्यानं विचारलं नाही. त्याच्यामागं कुणीतरी त्याला हाक मारत होतं, सर, सर, आणि तो त्यांना काही उत्तर देत नव्हता. मला वाटलं आता फोन जाईल. माझ्यानं ती शांतता सोसवेना, म्हणून मी नेहमीचं म्हणालो, ‘थांब, अम्माला देतो,’ आणि फोन कानापासून काढायला लागलो.

‘नको,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच बोला.’